निरोपसभेचं इतिवृत्त

बिशपसाहेबांनी नेमणुकांची यादी वाचायला चष्मा लावला की वार्षिक परिषदेच्या हॉलमध्ये दीडशे पाळक एकदम ताठ बसतात. पाच दिवस अहवाल होतात, ठराव होतात, गाणी आणि प्रार्थना होतात, पण खरी परिषद ती शेवटची वीस मिनिटं. कोण आहे तिथे राहणार आणि कोणाला गाशा गुंडाळावा लागणार, ते त्या यादीत असतं, आणि मेथडिस्ट पाळकाला यादीला नाही म्हणायची सोय नसते.

आमचे पाळकसाहेब गेली अठ्ठावीस वर्षं त्या हॉलमध्ये शेवटून तिसऱ्या रांगेत बसत आले होते. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलायच्या आधी समोरच्याची परवानगी घेतल्यासारखं हसणारे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पाच चर्चेस सांभाळली होती आणि एकाही माणसाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. याला काही लोक नम्रता म्हणत. त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ती ते चारचौघांत बोलत नसे.

त्या वर्षी त्यांचं नाव वाचलं गेलं आणि पुढे आलं, बंदरावरचं चर्च. पाळकसाहेब दचकले. बंदरावरचं चर्च म्हणजे मोठं काम, दुमजली पाळकगृह, खिडकीतून समुद्र. तिथे नेहमी कोणीतरी खणखणीत आवाजाचा माणूस पाठवत. शेजारच्या पाळकाने त्यांचा हात दाबला आणि यामागे प्रभूची काहीतरी योजना असणार असं कानात सांगितलं. त्या शेजाऱ्याला स्वतःला डोंगरातलं एक चर्च मिळालं होतं आणि त्याला दम्याचा त्रास होता, तरी तो तेच म्हणत होता.

घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली तेव्हा पाळकीणबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी घडी पुरी केली, मग म्हणाल्या, "समुद्र म्हणजे लोखंडाला गंज. कपाटाला आधी रंग द्यावा लागेल." बदलीच्या बाबतीत त्या लष्करी अधिकाऱ्यासारख्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकी माळ्यावरून खाली आली. काचेचं खोकं, पुस्तकांची आठ खोकी, आणि एक खोकं ज्याच्यावर नुसतं 'आधी उघडा' असं लिहिलेलं. त्यात चहाचं सामान आणि हातोडी. जे नव्या घराच्या मापात बसणार नाही ते वाटून टाकायचं, असा त्यांचा नियम होता. पडदे शेजारच्या शिक्षिकेकडे गेले, झाडांच्या कुंड्या तिघींत वाटल्या गेल्या, मांजर बेकरीत गेलं. मांजराने काही हरकत घेतली नाही.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी चार वाजता, निरोपाची सभा झाली.

सभेचं सूत्रसंचालन अर्थातच चर्च कमिटीच्या सेक्रेटरींकडे होतं. हे गृहस्थ जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे लेखी लागे. चर्च कमिटीच्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त ते शब्दन् शब्द लिहीत, खोकला आला तर तोही. आणि गेल्या सहा वर्षांत पाळकसाहेबांनी मांडलेल्या प्रत्येक सूचनेला त्यांनी फाटे फोडले होते. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांना कठडा बसवायचा म्हटलं, तर कठड्याची उंची किती यावर चार महिने गेले. असे हे सेक्रेटरी त्या दिवशी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की असा पाळक या चर्चला पूर्वी मिळाला नाही आणि पुढे मिळेल असं वाटत नाही. एवढं बोलून त्यांचा कंठ दाटला. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, खाली बसले आणि आपण रडलो याची नोंद केली.

त्यांच्या मागून आणखी दहा जण बोलले. सगळ्यांनी पाळकसाहेबांना आकाशात नेऊन बसवलं. शेवटी एक भलीमोठी सूटकेस भेट देण्यात आली, इतकी मोठी की ती आणणारे दोघे दारातून आडवे होऊन आले. कोणीतरी आठवणीने सांगितलं की वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चमागच्या पाळकांच्या खोलीतल्या फळ्यावर, जिथे आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं आणि वर्षं आहेत, तिथे पेंटरने साहेबांच्या नावापुढे जाण्याचं वर्षसुद्धा रंगवलं आहे.

मग पाळकसाहेब उत्तराला उभे राहिले.

त्यांच्या खिशात चार ओळींचं आभाराचं भाषण होतं. ते त्यांनी काढलं, उलगडलं आणि समोर पाहिलं. सहा वर्षांची ओळखीची तोंडं होती. उद्यापासून यांतलं एकही तोंड आपल्याला काही विचारू शकणार नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फार हलकं वाटलं. तो कागद त्यांनी परत खिशात ठेवला.

ते म्हणाले की चर्चच्या दरवाजाला कोणता रंग द्यायचा यावर या कमिटीने अकरा सभा घेतल्या आणि दरवाजा अजून बिनरंगाचाच आहे. हॉलमध्ये हशा पिकला. हशाने धीर आला. मग ते म्हणाले की बेकरीवाल्या भावाला देवाने आवाज दिला, पण तो बारीक करायची कळ द्यायला तो विसरला. बेकरीवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. मग म्हणाले की मेट्रनबाई ऑर्गन इतक्या सावकाश वाजवतात की पहिलं कडवं तरुणपणी सुरू करणारा माणूस चौथ्या कडव्याला पेन्शनीत निघतो. लोकांनी बाकं बडवली. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सरळ बसून समोर बघत होत्या. मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं मेट्रन होत्या त्या. डॉक्टरसुद्धा त्यांना बघून चालणं सुधारत.

हशा ओसरल्यावर पाळकसाहेब शेवटाकडे वळले. ते म्हणाले, "खरं सांगायचं तर सहा वर्षं मला तुम्हा सगळ्यांची भीती वाटत आली. दर शनिवारी मी एक संदेश लिहिला आणि कोणाला लागेल ते सगळं खोडून रविवारी दुसराच दिला. तेवढ्यासाठी मला क्षमा करा."

यावर कोणी हसलं नाही. पण जाणाऱ्या माणसाला सगळं माफ असतं. लोकांनी येऊन हात मिळवले, पाठीवर थाप मारली. घरी जाताना पाळकीणबाई एकच वाक्य बोलल्या. त्या म्हणाल्या की हे भाषण पहिल्याच चर्चमध्ये करायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला सुपरिंटेंडंटांचा फोन आला.

सुपरिंटेंडंट हे बिशप आणि पाळक यांच्या मधला दुवा, आणि मधल्या माणसाची सगळी दुःखं त्यांच्या आवाजात होती. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग पाळकीणबाईंची, मग हवेची. त्यावरूनच पाळकसाहेबांनी ओळखलं की काहीतरी बिनसलं आहे. हळूहळू कळलं ते असं. यादी टाइप करताना बिशपांच्या ऑफिसात चर्चच्या रकान्यातली एक ओळ सुटली होती. त्यामुळे तिथून खाली प्रत्येक पाळकाला त्याच्या पुढच्याचं चर्च मिळालं. असे अकरा पाळक. शेवटच्याच्या वाट्याला चर्चच उरलं नाही, तेव्हा टाइप करणाऱ्याने आपल्या अकलेने त्याच्या नावापुढे 'निवृत्त' असं घातलं. तो पाळक एकतीस वर्षांचा होता. त्याने आठ दिवस आपल्या हातून काय पाप घडलं असेल याचा विचार केला आणि मग अगदी नम्रपणे एक पत्र लिहिलं. ते पत्र ऑफिसात दोन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं.

पाळकसाहेबांनी विचारलं की मग आपल्याला नक्की कुठे जायचं आहे.

सुपरिंटेंडंट म्हणाले की मूळ यादीप्रमाणे कुठेच नाही. पूर्ववत.

पाळकसाहेबांनी फोन ठेवला आणि ते पुस्तकांच्या खोक्यावर बसले, कारण खुर्च्या एकमेकींत अडकवून बांधल्या होत्या. पाळकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तोंडाचं पाणी पळालेल्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, "पडदे परत मागायला मी जाणार नाही." आणि 'आधी उघडा' लिहिलेलं खोकं त्यांनी उघडलं.

पुढचे दोन दिवस पाळकसाहेब घराबाहेर पडले नाहीत. पडदे नसल्यामुळे लपणंही अवघड होतं. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण खिडकीतून बघे, हात वर करावा की नाही या विचारात पडे, आणि शेवटी बुटाची नाडी बांधायला वाके. पाळकसाहेबांनी सुपरिंटेंडंटांना पत्र लिहायला घेतलं की डोंगर असो, वाळवंट असो, कुठेही पाठवा. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. बायको म्हणाली की तिची खोकी तयार आहेत, पण पळून जाणाऱ्या माणसाचं सामान ती बांधणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कमिटीची नेहमीची सभा होती आणि अध्यक्ष नेहमीप्रमाणे पाळकच.

ते वेस्ट्रीत शिरले तेव्हा सातही सभासद आधीच येऊन बसले होते. भिंतीवरच्या फळ्यावर त्यांचं नाव होतं आणि पुढे दोन वर्षं, आल्याचं आणि गेल्याचं. गेल्याच्या वर्षाचा रंग अजून चकाकत होता. त्यांनी प्रार्थना केली. नेहमीपेक्षा लांब केली, कारण आमेन म्हटलं की डोळे उघडावे लागणार होते.

विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.

पाळकसाहेबांनी सुचवलं की वाचन झालं असं समजावं. सेक्रेटरी म्हणाले की नियमात 'समजावं' असा शब्द नाही. निरोपाची सभा ही कमिटीने बोलावलेली सभा होती, तेव्हा तिचं इतिवृत्त वाचलंच पाहिजे. आणि त्यांनी चष्मा पुसून वाचायला सुरुवात केली.

सातबारा वाचावा त्या आवाजात त्यांनी सगळं वाचलं. आपण स्वतः काय म्हणालो ते, कंठ दाटला ते, रुमाल काढला ते. दहा जणांची स्तुती. सूटकेसची लांबी, रुंदी, उंची. मग पाळकसाहेबांचं भाषण. दरवाजा, 'हशा'. बेकरीवाला, 'मोठा हशा'. ऑर्गन, 'हशा व बाकांचा आवाज'. शेवटचा भीतीचा परिच्छेद तर एकेक शब्द सुटा करून वाचला. पाळकसाहेब टेबलाच्या लाकडातल्या रेषा मोजत होते. बत्तीस झाल्या.

वाचन संपवून सेक्रेटरी म्हणाले की कोणाच्या काही दुरुस्त्या असल्यास मांडाव्यात. पहिली दुरुस्ती त्यांची स्वतःची. दरवाज्याच्या रंगावर अकरा नव्हे, चौदा सभा झाल्या. नोंदी तपासल्या आहेत.

बेकरीवाल्याने हात वर केला. तो गडगडणाऱ्या आवाजात म्हणाला की त्याच्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, काही बदलायला नको. फक्त त्या दिवशी त्याला ती स्तुती वाटली होती. बायकोने घरी गेल्यावर समजावून सांगितलं.

मग कोपऱ्यातून मेट्रनबाईंनी हात वर केला. कमिटीच्या सभेत त्या कधीच हात वर करत नसत, सरळ बोलत. पाळकसाहेबांनी टेबलावरून नजर उचलली नाही. या बाई आता राजीनामा देणार आणि ऑर्गन मुका होणार, अशी त्यांची खात्री होती.

"दुरुस्ती नाही, भर आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला गेली दोन वर्षं स्वरांच्या पुस्तकातली टिंबं दिसत नाहीत. बोटांना जेवढं आठवतं तेवढंच वाजवते. बोटांना आठवायला वेळ लागतो."

सेक्रेटरींचं पेन उचललेलं होतं, पण त्यांनी ते कागदाला लावलं नाही. एखादी गोष्ट न लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

आता मात्र पाळकसाहेबांनी वर बघितलं. मेट्रनबाईंची नजर त्यांच्या दिशेला होती, पण थेट त्यांच्यावर नव्हती. खांद्याच्या जरा वर, कडेला कुठेतरी. त्यांना आठवलं की ते या बाईंच्या घरी वीसेक वेळा तरी गेले असतील. चहा घेतला, प्रार्थना केली, निघाले. दर वेळी त्यांच्या धाकाने बशीकडे बघत बसले. एकदा जरी सरळ डोळ्यांत बघितलं असतं तरी कळलं असतं. उलट दोन वर्षं घरी बसून त्यांच्या ताल-लयीवर बायकोपाशी टिंगल केली होती. पाळकसाहेबांना एकाएकी खूप लाज वाटली. भाषणाची नव्हे, ते आता फार लहान वाटत होतं. त्याच्या आधीच्या सहा वर्षांची.

त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत का?" मेट्रनबाई म्हणाल्या. मग थोड्या सौम्य झाल्या. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता की छान वाजवता बाई, चालू द्या. तुम्ही सगळ्यांना तेच म्हणता."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. एरवी त्यांनी कोणाला सूट दिली नसती, पण त्या दिवशी म्हणाले की अध्यक्षांची इच्छा असेल तर भाषणातला शेवटचा परिच्छेद, म्हणजे भीतीचा, इतिवृत्तातून वगळता येईल. सभासदांची हरकत दिसत नाही. ही वही पुढचे पाळक वाचणार, सुपरिंटेंडंट तपासणार. सुटकेचा दरवाजा सताड उघडा होता, आणि उघडणारा खुद्द सेक्रेटरी.

पाळकसाहेबांनी वही आपल्याकडे ओढली. शेवटचा परिच्छेद एकदा वाचला. सवयीने हात खोडायलाच गेला होता. शनिवारी जसा जायचा तसा. मग त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "राहू दे. खरं आहे ते."

त्यानंतर सभा तासभर चालली. सूटकेस परत करावी का, यावर चर्चा झाली. बेकरीवाल्याचं म्हणणं पडलं की दारातून ती पुन्हा बाहेर काढण्याची ताकद कोणात नाही. फळ्यावरचं वर्ष पुसायला पेंटरला बोलवायचं ठरलं. मेट्रनबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं पाळकसाहेबांनी पाळकीणबाईंना न विचारताच कबूल केलं. घरी जाऊन सांगितल्यावर पाळकीणबाई म्हणाल्या की सोमवारची वेळ त्यांनी आधीच घेतली आहे; मेट्रनबाई कपात चहा ओतताना कड चाचपतात हे त्यांना वर्षापूर्वीच दिसलं होतं, पण नवऱ्याचं तिकडे कधी लक्ष जातं का याची त्या वाट बघत होत्या.

शनिवारी पाळकसाहेब खोक्याचं टेबल करून संदेश लिहायला बसले. आपण एकाच बाकावर वीस-वीस वर्षं शेजारी बसतो आणि शेजाऱ्याचं काय हरवत चाललंय ते आपल्याला माहीत नसतं, असा विषय होता. लिहून झाल्यावर खोडायचं पेन हातात घेतलं. पहिली खोडायची ओळ दुसऱ्याच पानावर होती, ज्यात ठराव करणं आणि काम करणं यांतला फरक सांगितला होता. पेन तिथे बराच वेळ थांबलं. शेवटी त्यांनी त्या पेनाने वाणसामानाची यादी केली.

रविवारी चर्च भरलं होतं. लोकांना उत्सुकता होती की गेलेला पाळक परत येऊन काय बोलतो. त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. एका बाईंच्या घरी आपण वीस वेळा गेलो आणि काही बघितलं नाही, हे सांगितलं. शुक्रवारीच त्यांनी मेट्रनबाईंची परवानगी घेतली होती. बाईंची अट एकच होती, आवाज बिचारा करून सांगायचं नाही. मग ते कमिटीकडे वळले, मग समोरच्या बाकांकडे. एकही ओळ गाळली नाही. मधेच एक कुटुंब उठून गेलं. मागच्या बाकावर कोणीतरी "बरोबर आहे" असं पुटपुटलं आणि मग स्वतःच घाबरून खोकलं. तिसऱ्या बाकावर बसलेल्या पाळकीणबाई, ज्यांना शनिवारचा संदेश पाठ असे आणि ज्या गाळलेल्या ओळी दर रविवारी ओठांत म्हणत, त्या आज पहिल्यांदा ओठ न हलवता ऐकत होत्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उठून गेलेलं कुटुंब दोन महिने आलं नाही. सुपरिंटेंडंटांकडे निनावी पत्र गेलं, ज्याचं अक्षर सगळ्यांनी ओळखलं. सुपरिंटेंडंटांनी फोन करून आधी हवेची चौकशी केली.

पण त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर सेक्रेटरी उभे होते, हातात वही. सहा वर्षांत सभेच्या कामाशिवाय ते कधी पाळकगृहात आले नव्हते. रविवारच्या संदेशातले सात मुद्दे आपल्याला पटलेले नाहीत, ते क्रमाने मांडायला आलो आहे, असं त्यांनी उंबऱ्यावरच सांगितलं. पाळकीणबाईंनी बांधलेल्या खुर्च्यांची दोरी कापली आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

पहिले तीन मुद्दे सेक्रेटरी बोलत राहिले आणि पाळकसाहेब मान हलवत राहिले. चौथा मुद्दा ठराव आणि कामाचा होता. सेक्रेटरींचं म्हणणं असं की ठराव नीट झाल्याशिवाय काम सुरू करणं म्हणजे खुंट न ठोकता हद्द आखणं. बोलून झाल्यावर ते नेहमीप्रमाणे संमतीच्या मानेची वाट बघत थांबले.

पाळकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी सेक्रेटरींच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि म्हणाले, "नाही. हे मला मान्य नाही."

सेक्रेटरींनी पेन उघडलं, वहीत 'मान्य नाही' असं लिहिलं, खाली रेघ मारली. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"का ते सांगा," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."